खोटा पडलेला पोळा

देवकाबाईच्या तोंडी लागू नये, हे सालेकशाकडच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बालाघाटकडून लग्न होऊन आली तेव्हापासून या बाईनं कुणाचं एक ऐकून घेतलं असेल तर शपथ. नळावर, धानाच्या काट्यावर, रेशनच्या रांगेत, शेवटचा शब्द हिचाच. नवरा टिकाराम अगदी मवाळ. बायकोचा पट्टा सुरू झाला की तो बैलांना चारा घालायला उठायचा, आणि म्हणून त्याचे बैल गावात सगळ्यांत गुबगुबीत होते.

तो टिकाराम गेल्या पोळ्याला मेला. ऐन आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली, सगळ्या गावासमोर. घराण्याची पहिल्या मानाची जोडी नेहमी थोरल्या भावाची, नंदलालची असायची. त्या वर्षी टिकारामनं जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं. "दादा, यंदा माही जोडी पुढं राहू दे ना गा." नंदलाल म्हणाला, "मी जिता हावो तोवर नाई." शब्दाला शब्द लागला. टिकारामनं छातीला हात लावला, खाली बसला आणि आडवा झाला. लोक धावले. नंदलाल मात्र दोन्ही हातांत कासरा घट्ट धरून उभाच राहिला. बैल ढोलानं बिथरले होते, सोडले असते तर बायकापोरांत घुसले असते, असं तो पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगत फिरला. देवकाबाईनं पाहिलं ते एवढंच. धाकटा भाऊ मातीत पडलाय, आणि याच्या हातातून कासरा सुटत नाही.

तिकडे एक रीत आहे. सणाच्या दिवशी घरात मरण आलं, की तो सण त्या घराण्याला खोटा पडतो. एकट्या घराला नाही, सगळ्या भाऊबंदांना. मग बैल सजवायचे नाहीत, तोरणाखाली न्यायचे नाहीत, पुरण शिजवायचं नाही. हे किती वर्षं? तर त्याच सणाच्या दिवशी घराण्यात एखादं मूल जन्मेपर्यंत, नाहीतर गोठ्यात गाय वीपर्यंत. काही घरांत दोन-दोन पिढ्या सण असाच अडकून पडलेला असतो. तेरवीच्या पंगतीत एका म्हाताऱ्यानं नंदलालला ते सांगितलं. "पोळा खोटा पडला गा तुमचा." नंदलालचा घास हातातच राहिला. त्याला दुसरा सण नव्हता, दुसरा शौक नव्हता. झुली तो नागपूरहून आणायचा, शिंगांना बेगड स्वतःच्या हातानं लावायचा. वाढप्यांच्या मागे उभ्या असलेल्या देवकाबाईनं त्याचं तोंड पाहिलं आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या जिवाला थोडा थंडावा मिळाला.

भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बाईनं समोरासमोर बोलायचं नसतं. भांडखोर बाईला ही केवढी अडचण! पण देवकाबाईनं त्यातूनही वाट काढली. दोन घरांच्या मध्ये फक्त काटक्यांचं कुंपण होतं. त्याच्या अलीकडे उभी राहून ती शेळीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, पलीकडे ऐकू जाईल इतक्या जोरात. "खा माय खा, तुले तरी भाऊ हाय, लोकाइले तर बैल प्यारे." पलीकडे नंदलालची बायको रुख्मिणी कानकोंडी होऊन आत जायची.

अस्थी घेऊन प्रयागला जायचं तर थोरला हवाच. गोंदियाहून गाडी. देवकाबाईनं सबंध प्रवास खिडकीकडे तोंड करून काढला. नंदलालनं स्टेशनावर चहा आणला, तो तिनं न बोलता खिडकीबाहेर ओतला. तिचा मुलगा वीरेंद्र, कोहमाऱ्याला हायवेवर टायरचं दुकान चालवणारा, मध्ये बसून दोघांकडे पाहत होता. संगमावर नावेत नंदलाल हुंदके देऊन रडला. देवकाबाईला त्या रडण्याचा इतका राग आला, की तिचे स्वतःचे डोळे कोरडेच राहिले. याला रडायचा काय हक्क, असं तिला वाटलं, आणि ती नाव किनाऱ्याला लागेपर्यंत दात आवळून बसली.

दिवाळी अंधारात गेली. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, घरोघर पाहुणे उतरतात, नाटकं होतात. देवकाबाईनं घराला कुलूप ठोकलं आणि मुलीला, दामिनीला, घेऊन डोंगरगडला देवीला गेली. पायऱ्या चढताना लोक मुलंबाळं मागतात, नोकरी मागतात. हिनं हात जोडून काय मागावं? की हा पोळा माझ्या जन्मात सुटू नये. दामिनीनं विचारलं, "का मागितलं वो माय?" तर म्हणाली, "तुले चांगला नवरा."

नवरा मिळालाही. बापाच्या मरणानंतर वर्षाच्या आत कन्यादान करावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, म्हणून माघातच लग्न काढलं. विधवेला कन्यादान करता येत नाही, सुनेला नुकतेच दिवस गेलेले म्हणून मुलगा-सून पाटावर बसायचे नाहीत, मामा बिऱ्हाडासकट सुरतेला, राहता राहिले नंदलाल आणि रुख्मिणी. ज्याचं तोंड पाहायचं नाही त्याच्याच ओंजळीत पोरीचा हात! नंदलाल पाटावर बसला, विधी नीट केला, दामिनीच्या डोक्यावर हात ठेवून रडला. आहेर वाटताना देवकाबाईनं गावातल्या झाडून सगळ्या पुरुषांना शेला आणि टोपी दिली, नंदलालला टॉवेल दिला. तोही आंघोळीचा. मांडवात खसखस पिकली. नंदलालनं तो टॉवेल खांद्यावर टाकला आणि वरातीत तसाच फिरला, हे तर तिला आणखीच झोंबलं.

उन्हाळ्यात नंदलालनं एक गाभण गाय विकत आणली. व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, बरोब्बर पोळ्याच्या सुमारास विणार. आता गाय काय पंचांग पाहून विते? पोळ्याला तीन-चार दिवस असतानाच तिनं वासरू दिलं गोठ्यात, गोरंगोमटं, धडधाकट. गाव हसलं. देवकाबाईनं तर गूळ वाटला. "भासऱ्याच्या घरी वासरू झालं, खा!" म्हणत दारोदार फिरली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. नंदलाल त्या संध्याकाळी जोडीजवळ नुसता उभा राहिला. त्याला आवतन द्यायची परवानगी नव्हती. कुंपणाच्या फटीतून ते पाहून देवकाबाई पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची सून दुर्गेश्वरी पोट धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. चिचगडची पोर, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, पहिलटकरीण. डॉक्टरांनी गणपतीनंतरची तारीख दिली होती. आणि कळा सुरू झाल्या आज. "आत्या, पानी गेलं वाटते."

देवकाबाईच्या हातातली परात खाली आली. सुनेची काळजी नाही वाटली तिला. खोटं कशाला सांगा? तिच्या मनात पहिला विचार आला तो पोळ्याचा. आज मूल झालं तर सण सुटणार. नंदलाल पुढच्या वर्षी बेगड लावून, झूल टाकून, मिशीला पीळ देत पहिल्या मानानं उभा राहणार, जिथं तिचा नवरा पडला त्याच जागी. आणि तो सण त्याला कुणी परत दिला? तर तिच्याच घरानं.

तिनं मनाशी एक हिशेब मांडला. संध्याकाळी आखरावर तोरण तुटतं, पोळा फुटतो, बैल घरोघर जातात. तोरण तुटलं की पोळा संपला. तेवढं निघालं की झालं. मग दवाखानाच दवाखाना. पोरीला मारायचं नव्हतं तिला, देवाशपथ नव्हतं. नुसतं थांबवायचं होतं.

"पैली खेप हाय," ती म्हणाली. "दोन-दोन दिस लागतेत. काऊन घाबरून राहिली? पडून राय."

वीरेंद्रचा फोन आला. "सब ठीक हाय," तिनं सांगितलं. "तू आपलं दुकान पाय." सुनेचा फोन चार्जिंगला म्हणून माजघरात नेऊन ठेवला. गरम पाणी पाजलं, कंबर चोळली. हात काम करत होते आणि कान आखराकडे होते. दुपार कलली. दुर्गेश्वरी आता बाज धरून ओरडत होती. गल्लीतून सजवलेले बैल घुंगरं वाजवत निघाले. देवकाबाई दर थोड्या वेळानं दारात जायची आणि जाणाऱ्याला विचारायची, "तोरन तुटलं का गा?" आत यायची, पुन्हा जायची. "अजून नाई तुटलं?"

दुर्गेश्वरी कळेच्या मधल्या विसाव्यात डोळे मिटून हे ऐकत होती. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकल्यावर तिनं डोळे उघडले आणि सासूकडे पाहिलं. मग जीव खाऊन, भिंतीकडे तोंड करून तिनं पलीकडच्या मोठ्या सासूला, रुख्मिणीला, हाक मारली, "मोठ्या माय! वो मोठ्या माय!"

सगळा गाव आखरावर होता. घरी होतं ते सणाला मुकलेलं एकच घर. नंदलाल ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसला होता. हाक ऐकून तो कुंपणाशी आला. सुनेच्या खोलीत चुलतसासऱ्यानं शिरायचं नाही, म्हणून त्यानं रुख्मिणीला पुढं ढकललं. रुख्मिणीनं आत पाऊल टाकलं, भिजलेली गोधडी पाहिली आणि किंचाळलीच. "कधीचं होय हे? देवका, कधीचं होय?"

देवकाबाई गोधडी सारखी करायला वाकली.

नंदलालनं धान वाहायची पिकअप गाडी दाराशी मागं लावली, गादी टाकली. दोघींनी मिळून दुर्गेश्वरीला चढवली. देवकाबाईनं फाळक्यावर पाय ठेवला तशी सून म्हणाली, "तुमी नोको." आवाज मोठा नव्हता. रुख्मिणी चढली आणि गाडी निघाली. रस्ता आखरातूनच जात होता. तोरण अजून तसंच होतं, खाली शंभर-दीडशे बैल. नंदलाल खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "हटा बाप्पा हो, हटवा ना बैलं!" आणि लोकांनी जोड्या मागं ओढल्या, गाडीला वाट दिली. ती गेल्यावर थोड्या वेळानं तोरण तुटलं. देवकाबाईनं तो गलका रिकाम्या अंगणात ऐकला.

दिवस मावळायच्या आत सालेकशाच्या दवाखान्यात मुलगी झाली. रडली नाही. नर्सनं तिला उलटी धरली, पाठ चोळली, तेव्हा कुठं बारीक आवाज निघाला. लगेच गोंदियाला काचेच्या पेटीत हलवावं लागलं. नर्स रुख्मिणीवर खेकसली, "पानी सकाळी गेलं आनि आता आनता? मारायची होती का?" रुख्मिणीनं ते ऐकून घेतलं.

तोरणाचा हिशेब फक्त देवकाबाईच्या डोक्यात होता. गावाला दिवस पुरेसा होता. पोळ्याच्या दिवशी घराण्यात जीव जन्मला, पोळा सुटला, संपलं. नंदलालला लोक मिठ्या मारायला गेले तर तो म्हणे, "पोरगी जगू द्या आंदी."

तीन दिवसांनी वीरेंद्र कपडे न्यायला घरी आला. आईकडे न पाहता पेटी भरू लागला. देवकाबाई म्हणाली, "मी का मुद्दाम केलं का गा?" तेव्हा त्यानं हातातलं लुगडं खाली टाकलं. "मोठेबाबानं कासरा सोडाले उशीर केलन, म्हून तू वर्षभर त्याले खाल्लं. तो उशीर केवढा होता, माय? बाप जागच्या जागीच गेला होता. आनि तू सकाळपासून…" पेटी उचलून तो निघून गेला. देवकाबाईनं खाली पडलेलं लुगडं उचलून त्याची घडी घातली. नवरा जागच्या जागी गेला होता हे तिलाही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मग चिडायचं कुणावर?

तिनं मेथीचे लाडू वळले, डबा घेतला आणि पहिल्या गाडीनं गोंदिया गाठलं. मुलगी काचेच्या पेटीतून बाहेर आली होती, दूध ओढत होती. दुर्गेश्वरीनं सासूला दारात पाहिलं आणि पदर ओढून बाळ झाकलं.

"दे ना वो, पाहू दे," देवकाबाई म्हणाली. असं मागणं तिला सवयीचं नव्हतं.

"मी चिचगडले जाऊन राहिली, आत्या. इथूनच."

"बारशापर्यंत?"

"मले नाई मालूम."

"पोरगी आमच्या घरची होय."

"हाय ना," दुर्गेश्वरी म्हणाली. "म्हूनच सांगतो. माह्या पोरीले तुमच्यापाशी एकटी ठेवनार नाई. आज नाई, कधीच नाई. बाकी तुमी म्हनान तशी राहीन."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका बघत होत्या. एरवी देवकाबाईनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला असता. तिनं डबा खाटेखाली सरकवला आणि जिना उतरली.

गावात पोचली तर अंगणात बायका जमलेल्या. कुणी नारळ आणलेला, कुणी गूळखोबरं. सण सोडवणाऱ्या नातीची आजी म्हणून मान तिचा. "देवकाबाई, भाग्याची नात आनली वो! गोंदियाहून येऊन राहिल्या ना? कोनावर गेली पोरगी? टिकारामभाऊवर गेली का?"

सगळ्या तिच्या तोंडाकडे पाहत थांबल्या. कुंपणापलीकडे नंदलाल बैलांना पाणी पाजत होता, तोही थांबला.

"मले नाई मालूम," देवकाबाई म्हणाली. "दाखवली नाई मले."