जावेच्या वालातली मोहरी

माझी जाऊ विचारायला आली असती तर मी सरळ उत्तर दिलं असतं. ती ओरडतच आली. तिच्या वालात मोहरी उगवली होती आणि ती मी मंतरून टाकली, असं निडीच्या स्टेशनापर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. आमच्याकडे दुसऱ्याच्या शेतात मोहरी टाकली म्हणजे करणी केली. तेव्हापासून बायका मला बघून पोरं पदराआड घ्यायला लागल्या. वालाच्या शेंगा भरल्या, त्या भाजायला शेताशेतात पोपटीची मडकी लागली, मला कुणी हाक मारली नाही.

मग मी परसातलं मोहरीचं झाड उपटलं, शेजारणींना जावेच्या बांधावर बोलावलं.

"मोहरी कधी बघितली नाय काय गो? फोडणी कशाची घालता?"

माझं झाड छातीएवढं. वालातलं ढोपरालाही लागेना. फुलं दोन्हींची पिवळी, चार पाकळ्यांची, पण वालातलं फूल तांदळाच्या कणीएवढं आणि शेंग बारीक, जरा वाकडी. दोन्ही शेंगा मी तळहातावर चोळल्या. मोहरीचे दाणे पडले. दुसरीचं बी म्हणजे नुसती तांबूस भुकटी. रानमोहरी ती. गटाराकाठी, ओलीवर आपोआप येते. भात कापल्यावर जावेनं नदीकाठचा गाळ आणून शेतात पसरला होता, तेवढ्याच तुकड्यात ती उगवली होती.

एका शेजारणीनं वालातल्या झाडाचं पान चावून थुंकलं. "तिखट हाय, पण आपली मोहरी नाय."

"मंतरल्यावर दाणा बारीकच व्हतो," जाऊ म्हणाली.

मला हसू आलं. बाकी कुणी हसलं नाही.

"तू टाकलीस, तूच उपट. आमी हात नाय लावणार," जावेनं सुनावलं.

"उपटली की माझी ठरवशील. मरू दे तुझा वाल."

तिनं भीतीनं हात लावला नाही, मी रागानं. रानमोहरीच्या शेंगा तडकल्या, भुकटी शेतभर गेली. यंदा तिच्याकडे वाल कमी आणि रानमोहरी जास्त आहे. बायका अजून मला टाळून जातात. माझ्या बांधाच्या अलीकडे मी एक रोप येऊ देत नाही, दिसलं की मुळासकट काढते. जाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं स्वच्छ शेत दाखवते आणि म्हणते, "बघा, तिच्याकडे एकसुद्धा नाय."