कावळे सर आणि संध्याकाळची बस

नकाशावर कुणी पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली की आमच्या भूगोलाच्या सरांच्या कपाळाला आठी पडायची. "हे कावळ्याचं अंतर झालं," ते म्हणायचे, "कावळ्याला बस लागत न्हाई." त्यामुळे परभणीच्या कॉलेजात सगळे त्यांना कावळे सर म्हणत. खरं आडनाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. आपल्याला काय म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझा अंदाज आहे की ते आवडतही होतं.

बस कुणाच्या किती हाताशी आहे हे मोजणं, हा त्यांचा ध्यास. आम्ही संगणकावर थांब्याभोवती वर्तुळ काढायचो. आत आली ती घरं सोयीची. वर्तुळाच्या मधून जाणारे रेल्वेचे रूळ संगणकाच्या गावी नसत. सर हसायचे आणि चपला घालायचे. बरं, स्वतःच्या पायांनी मोजणंही त्यांना मंजूर नव्हतं. मोंढ्याच्या बाजारात दिवसभर धान्य निवडून दमलेल्या एखाद्या बाईच्या मागे ते घड्याळ बघत चालत. एकदा एकीच्या नवऱ्याने त्यांची कॉलर धरली. सरांनी त्यालाच घड्याळ धरायला लावलं.

एम.ए.ला असताना आम्ही त्यांच्याबरोबर रुळापलीकडच्या वस्तीत गेलो. अंतर, भाडं, गर्दी, वाट बघणं अशा चार पाट्या सरांनी ओट्यावर मांडल्या आणि प्रत्येक बाईला दहा चिंचोके दिले. जे जास्त नडतं त्यावर जास्त ठेवायचे. पुस्तकात याला निकषांचे भार ठरवणं म्हणतात. सगळ्या ठेवत गेल्या. रखमाबाई मात्र मूठ मिटून बसल्या. सरांनी कारण विचारलं.

"ह्यात माझं दुखणंच न्हाई सर," त्या म्हणाल्या. "सकाळी जायला बस हाय. मोंढा सुटल्यावर परत कशानं यायचं?"

वस्तीकडे येणारी शेवटची बस दुपारी चारची होती. मोंढा सुटायचा दिवस मावळल्यावर, मग बाया रुळाच्या कडेने अंधारात चालत यायच्या. सरांनी पाचवी पाटी लिहिली, 'परतणं'. बघता बघता बाकीच्या जणींनीही आपले चिंचोके उचलून तिथे नेले. सर इतके हरखले की बोलून गेले, "हे कागदावर येऊ द्या, संध्याकाळची बस येतीच." असं वचन शिक्षकाने देऊ नये. त्यांनी दिलं.

पुढे शहरातल्या बसमार्गांचा अहवाल एका खासगी कंपनीकडे आला आणि त्या कंपनीत मी नोकरीला होते. सरांनी आपली सगळी मोजमापं विश्वासाने माझ्या हाती दिली. साहेब म्हणाले, 'परतणं' हा निकष मान्य यादीत नाही, काढून टाका. मी दोनदा बोलून बघितलं. तिसऱ्यांदा काढून टाकला. तेवढा एक रकाना गेला आणि नकाशावरची लाल वस्ती हिरवी झाली. हिरव्या वस्तीला नवी बस देत नाहीत.

सर माझ्याशी भांडले नाहीत. त्यांनी दरखास्ती दिल्या, कचेऱ्यांच्या बाकांवर बसून दिवस काढले, मग तेही थांबलं. त्या बायांची गाठ पडू नये म्हणून ते मोंढ्याचा जवळचा रस्ता सोडून लांबून घरी जायचे. हे मला सरांच्या बायकोने, काकूंनी, नंतर सांगितलं.

निवृत्तीनंतर ते राणीसावरगावला आपल्या गावी राहिले. मागच्या वर्षी मी भेटायला गेले. वाटभर माफीची वाक्यं जुळवत होते. सरांनी चहा सांगितला, लेकराबाळांची चौकशी केली आणि सहज विचारलं, "त्या अहवालावर तुझं नाव हाय ना पोरी?"

मी हो म्हणाले.

"बरं झालं. तेवढं तरी खरं हाय त्यात."

रागावले असते तर मला सोसलं असतं. जुळवलेली वाक्यं तशीच घेऊन मी परत आले.

दोन महिन्यांनी सर गेले. रखमाबाईंना सांगावं म्हणून मी वस्तीत गेले तेव्हा दिवे लागले होते. त्या घरी पोचल्या नव्हत्या. "आत्याबाई चालत यायल्यात, बसा," सून म्हणाली. मी तासभर बसले. मग त्या यायच्या आधीच निघाले, माझ्यासाठी गाडी उभी होती.