पत्रिका नसलेली माणसं

"यांच्या पत्रिका आहेत?" डॉक्टरांनी विचारलं आणि वस्तीतल्या चौदा म्हाताऱ्यांचे मी भरलेले कागद टेबलावरून बाजूला सारले. वरच्या कागदावर माझ्या आईचं नाव होतं.

"सर, महारवाड्यात पत्रिका कोण मांडणार? जोशी आमच्या वस्तीत पाऊल तरी टाकतो का?"

"मग वय कशावरून धरू? हे संशोधन आहे, गप्पा नाहीत."

म्हाताऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास करायला डॉक्टरांना फेलोशिप मिळाली होती. मी त्यांच्या पनवेलच्या दवाखान्यातली नर्स, त्यांची मदतनीस. शिरढोणकडची गावं आम्ही तीन महिने फिरलो. खोताच्या ओटीवर त्यांना कपबशी, मला अंगणात करवंटी. खोताच्या बापाची पत्रिका निघाली, वय लगेच लिहिलं गेलं. मी गिळलं. हो, गिळलं! पुढच्या साली फेलोशिपसाठी मीच अर्ज करणार होते आणि शिफारस त्यांची लागणार होती. आमच्यातलं कोणी तिथवर पोचलंच नव्हतं.

वस्तीत ते आलेच नाहीत. "तूच जा, तुझीच माणसं." गेले. एकेकाजवळ बसून वय काढलं. आई म्हणाली, "खाडीचा बांध फुटला ना, तवा मी न्हातीधुती झाले व्हते. आता मोज तू." बांध फुटल्याचं साल मामलेदार कचेरीत नोंदलेलं होतं. मी ते स्वतः पाहून आले. आणखी काय हवं होतं त्यांना?

डॉक्टरांनी यादीत लिहिलं, 'महारवाडा : साठीपुढचे कोणी नाही.' पेन माझ्यापुढे केलं.

"सही कर. शिफारसपत्र उद्या टाईप करून देतो."

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? जन्मभर मिठागरात उभी राहून आईच्या पायांना भेगा पडलेल्या. ती घरी दारात बसलेली, आणि मी लिहून द्यायचं की ती नाहीच!

"सही करणार नाही."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ठिकाणावर आलंय. खोटं तुमचं आहे, सही तुम्हीच करा."

कागद उचलले आणि बाहेर पडले. शिफारस गेली. आठवड्याभरात नोकरीही गेली. आई म्हणाली, "आता काय करशील गो?" तिच्यासमोर रडले. भरपूर रडले.

मग चौदाही कागदांची नक्कल केली, कचेरीतला दाखला जोडला आणि फेलोशिप देणाऱ्या संस्थेला रजिस्टर पोस्टाने धाडली. उत्तर नाही. पुन्हा धाडली. अजून धाडते, आणि दर वेळी सोबतच्या पत्रात संस्थेला लिहिते: तुमच्या अहवालात आमची म्हातारी माणसं येईपर्यंत मी तुम्हाला स्वस्थ बसू देणार नाही.