डोळे मिचकावा

नोव्हेंबर लागला की मुदखेडच्या घरातला तो मालिशच्या तेलाचा वास आठवतो. वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याला त्यांना दरवर्षी खुर्चीसकट उचलून बँकेत न्यावं लागे. ते लाजेनं कुणाशी बोलत नसत. त्या वर्षी नियम बदलला आणि चेहरा टिपून दाखला काढायला पोस्टमन मोबाइल घेऊन घरीच आला. "काका, डोळे मिचकावा," तो म्हणाला. वडिलांना काही केल्या जमेना, मोबाइल दाखला देईना. शेवटी आई जवळ बसली. "अहो, माझ्याकडं बघा की. लई दिस झाले, तुम्ही बघितलंच न्हाई." त्यांनी बघितलं. पापण्या सावकाश मिटल्या, उघडल्या. दाखला निघाला. पोस्टमन गेला तरी ते तिच्याकडंच बघत होते. पुढच्या नोव्हेंबरात ते नव्हते. आता आईचा दाखला मीच मोबाइलवर काढतो. ती झटकन डोळे मिचकावते आणि उठून आत जाते.