शाळेच्या जमिनीवरचं स्वयंपाकघर

मोंटानातल्या आमच्या भागात माझ्याइतकं सरळ कुंपण कोणी घालत नाही, असं मी सगळीकडे सांगत असे. दुसरं कोणी सांगेना, म्हणून मीच.

माझ्या कुरणाला लागून शाळेची जमीन आहे. मोंटानाला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हाच असे तुकडे शाळांसाठी बाजूला काढले. त्यांवर आम्ही गुरं चारायची आणि भाडं राज्यभरच्या शाळांना जायचं. माझी बायको आर्डिस इथल्या एका खोलीच्या शाळेत शिकवते. तरी कॉफीच्या टेबलावर त्या भाड्याच्या नावानं सगळ्यांत मोठ्यानं बोंब मारायचो मीच.

"आहे त्यापेक्षा जास्त जमीन धरून भाडं लावता," मी जमीन खात्याच्या डेलमार वॉसला सुनावलं. "मोजून दाखवा!"

"ऑरिन, कशाला उकरून काढतोयस?" आर्डिस म्हणाली. "गप्प बसायचं काय घेशील?"

गप्प बसलो असतो तर मी कसला?

मोजणीवाले आले आणि त्यांनी हद्दीची खुंटी ठोकली ती आमच्या बैठकीच्या खिडकीखाली. तरुणपणी कुंपण घालताना मध्ये खडक लागला होता. खांब रोवेना, म्हणून मी कुंपण जरासं वळवून पलीकडून, शाळेच्या बाजूनं नेलं होतं. पुढे ते विसरलो आणि स्वतःच्याच सरळपणावर भरवसा ठेवून कुंपणाच्या आत घर बांधलं. झोपायची खोली माझी निघाली, स्वयंपाकघर शाळेचं.

"डेलमार, आपण एका बाकावर बसलेलो. कर ना जरा डोळेझाक."

"माझी जमीन असती तर केली असती, बाबा. ही पोरांची आहे. फुकट द्यायचा मला अधिकार नाही. घराचं वेगळं भाडं भर, नाहीतर घर हलव."

आमच्याकडे घरं गाडीवर चढवून नेतात. पण स्वयंपाकघराचं दगडी धुराडं मी स्वतः रचलेलं. घर हललं असतं तर आधी तेच कोसळलं असतं. मी घराच्या भाडेकरारावर सही केली.

आर्डिस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शनिवारी तिनं अख्खी शाळा घरी बोलावली, 'तुमची जमीन बघायला'. मुलं ॲपल पायवर तुटून पडली. पहिलीतली जूनी नावाची मुलगी मात्र माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही आमच्या जमिनीवर बसलायत?"

"खुर्ची माझी आहे, बाई."

तिनं वाकून टेबलाखाली पाहिलं. "मग पाय वर घ्या."

मी आर्डिसकडे पाहिलं. ती ॲपल पाय कापण्यात अगदी गढून गेली होती. 'भाडं भरलंय मी,' असं सांगणार होतो, पण जन्मभर त्या भाड्याच्या नावानं खडे फोडलेल्या तोंडातून ते निघेना.

मी पाय वर घेतले.