तांदळात बसणारी अन्नपूर्णा

"तिले सांगू नोका, पर अन्नपूर्णा मी तिच्या बॅगेत टाकली."

वर्धा स्टेशनवर पाण्याची बाटली घेऊन परतले तेव्हा आई बाबांना हे सांगत होती.

"काऊन? त्या बाईनं मूर्ती चालत नाई म्हनलं ना?"

"एकटी जाऊन राह्यली पोरगी."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. ते मला चांगलं जमतं. ती पितळेची अन्नपूर्णा आईला तिच्या आईनं लग्नात दिलेली, नाचणगावच्या माहेरहून आमच्या गावी, आंजीला आईसोबतच आलेली. हातात पळी, मुठीत मावेल एवढी. आमच्या देवघरात ती तांदळाच्या वाटीत बसायची.

ठाण्यात मला सारा आजींकडे खोली मिळाली. आजी ज्यू आहेत आणि मराठी माझ्यापेक्षा कितीतरी छान बोलतात. त्यांची एकच अट होती, घरात मूर्ती नको. बाबा फोनवर हो म्हणाले होते. या शहरात मी दुसऱ्या कुणालाच ओळखत नव्हते. खोली गेली की नोकरी सोडून परत आंजी, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून अन्नपूर्णा कपाटात, ओढण्यांच्या मागे गेली. आई फोनवर विचारायची, "वाटीतले तांदूळ बदलवतं ना?" मी हो म्हणायची. वाटीच नव्हती.

आजींना मोतीबिंदू आहे. शनिवारी दुपारी मी त्यांना त्यांचा धर्मग्रंथ मराठीतून वाचून दाखवते. अडखळले की हसतात, "इंग्लिश मिडियम, अक्षरं खाऊ नको गो!" त्या शनिवारी दागोनची गोष्ट आली. ज्यूंच्या शत्रूंनी त्यांच्या देवाच्या कराराची पवित्र पेटी पळवली आणि आपल्या दागोन देवाच्या देवळात, मूर्तीशेजारी ठेवली. सकाळी बघतात तर दागोन पेटीसमोर पालथा. त्यांनी उचलून जागेवर ठेवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा पालथा, आणि या वेळी डोकं आणि हात तुटलेले.

"पडल्यावर माणसांनी उचलावं लागतं, तो कसला देव गो?" आजी म्हणाल्या. "आमचा कुणी घडवलेला नाही. त्याला पाडणार कोण?"

मी मान खाली घालून पान उलटलं. आमच्या देवीला तर कायम कुणी ना कुणी उचलतच आलं. आधी माझी आजी, मग आई, आता मी. त्यात काही कमीपणा आहे असं मला आंजीत कधी वाटलं नव्हतं. तिथे देवांची भीतीच नव्हती, ते घरातलेच होते.

रविवारी सकाळी कपाट उघडलं. अन्नपूर्णा पालथी पडली होती.

कपाटाचं दार घट्ट बसतं, हिसका द्यावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी आधी दागोनच आठवला. मी तिला सरळ बसवलं आणि दार अगदी हळू लावलं. दिवसभर आजींच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं. जणू त्यांना दिसतच होतं.

सोमवारी ती पुन्हा पालथी. मी तिचं डोकं चाचपलं, मग हात, मग पळी. सगळं जागेवर होतं, पण माझी बोटं थांबेनात. तिला खाली ठेवताना ती डुगडुगली तेव्हा कुठे लक्षात आलं. तिची बैठक सपाट नाहीच. घरी तांदळामुळे टिकायची.

मी स्वयंपाकघरात गेले. न विचारता आजींच्या तांदळाच्या डब्यात हात घातला आणि झाकण खणकन पडलं.

"कोण गो तिथे?" बाहेरून आजी. "भूक लागली वाटतं आमच्या इंग्लिश मिडियमला!"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. हो अगदी ओठांवर होतं. मूठ तशीच बंद ठेवून मी त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिले.

"आजी, मला मूठभर तांदूळ हवेत. माझ्या कपाटात आईची अन्नपूर्णा आहे, ती तांदळाशिवाय बसत नाही. तुम्हाला चालणार नसेल तर सांगा, आम्ही दोघी जाऊ."