गोधडीबाहेर गेलेला लाल

व्हर्लिन स्टॉकीचं काम ऐकून लोक हसत. एकोणीस वर्षं तो जुन्या चुका जपत होता आणि त्याचाच पगार घेत होता. सिअ‍ॅटलजवळच्या त्या मोठ्या कंपनीत, संगणक चालवणाऱ्या प्रणालीतला, पडद्यावर रेघा आणि अक्षरं उमटवणारा भाग दर काही वर्षांनी नव्याने लिहिला जाई. हुशार पोरंपोरी लिहीत आणि अचूक लिहीत, घोळ तिथेच होई. जगभरातले जुने प्रोग्रॅम आधीच्या चुकांशी जुळवून घेऊन बसलेले असत. चूक सुधारली की ते कोलमडत. मग व्हर्लिन नव्या प्रणालीच्या अपवादांच्या यादीत एक ओळ घाली: हा प्रोग्रॅम चालू असेल तेव्हा जुनी चूक तशीच करा. वापरणाऱ्याला काही कळलं नाही, की काम नीट झालं. त्यामुळे त्याचं कौतुकही कधी कुणी केलं नाही.

घरी बायको होती, आर्डिस. दोन वर्षांपासून तिची आठवण विरत चालली होती. बहिणीचं नाव गेलं, शेगडी बंद करायचं भान गेलं. राहिला होता तो गोधड्यांचे नमुने काढायचा एक जुना प्रोग्रॅम, ज्याचा कर्ता केव्हाच वारला होता. सकाळची कॉफी झाली की ती त्याच्यासमोर बसे, तुकडे आखी, एकेका तुकड्यात रंग ओती. दुपारपर्यंत मजेत असे. त्या चार तासांच्या जिवावर व्हर्लिन नोकरी करत होता.

कंपनीत रीत होती, आपण शिजवलेलं आधी आपण खायचं. नवी प्रणाली अर्धीकच्ची असतानाच सगळे ती घरच्या संगणकावर चढवत. मार्चमधल्या एका रविवारी व्हर्लिननेही सवयीने चढवली. जगाचे प्रोग्रॅम सांभाळणारा माणूस, पण त्या दिवशी डोकं कुठे गहाण ठेवलं होतं कोण जाणे!

सोमवारी तो बूट घालत असताना आर्डिस किंचाळली.

"मी नासवली रे! सगळी नासवली!"

तिने एका तुकड्यात लाल ओतला होता. तो तुकड्यात न थांबता अख्ख्या गोधडीवर पसरला होता. व्हर्लिनला क्षणात उमगलं. जुन्या रेघा एक ठिपका जास्त जात, म्हणून तुकड्यांचे कोपरे बंद होत. ती चूक त्याचीच, नोकरीच्या पहिल्या वर्षातली. नव्या रेघा बरोबर होत्या, आणि म्हणूनच कोपऱ्यातून रंग सांडला होता.

"अगं, तू काही नाही केलंस. घोटाळा माझा आहे."

"खोटं नको बोलूस. माझ्या हाताने झालं." ती बोटं स्वेटरला पुसत राहिली.

त्याने रजा टाकली आणि संध्याकाळपर्यंत जुनी प्रणाली परत चढवली. सगळं होतं तसं झालं. मंगळवारी त्याने तिला खुर्चीत बसवलं, माऊस हातात दिला.

"नको. बिघडेल," ती म्हणाली, आणि हात मागे घेतला.

बुधवारीही तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. त्याने स्वतः रंग ओतून दाखवला, लाल जागच्या जागी राहिला, तरी ती मान हलवत राहिली. जिला काल आपण काय जेवलो ते सांगता येत नव्हतं, तिच्या मनातून ती धास्ती जाईना. व्हर्लिन गॅरेजमध्ये जाऊन रडला.

एप्रिलमध्ये अपवादांची यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी तो कोरीनकडे गेला. ती त्याची वरिष्ठ, वयाने निम्मी.

"गोधड्यांचा प्रोग्रॅम?" तिने पडद्यावरून नजर काढली नाही. "व्हर्लिन, चाचणीला नाव दिलेल्यांत तो जेमतेम अकरा जणांकडे आहे. अकरा जणांसाठी ओळ घालायची?"

"दहा. अकरावी माझी बायको होती."

कोरीनने वर पाहिलं. "अरे देवा. कधी गेल्या?"

"गेली नाही. घरी आहे. पण हात मांडीवर ठेवून नुसती बसून असते," व्हर्लिन म्हणाला. "बाकीच्या दहा जणांच्या हातून तरी रंग सांडू नये."

कोरीनने ओळ मंजूर केली.